ओल्या फरशीतलं बेट

कोरियातल्या मासान बंदराच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी, मोज्यांच्या जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये प्यो चुनजाबाईंचं स्केटिंगचं मैदान आहे. तिथली आकाशी फरशी आमची. म्हणजे मालकी बाईंचीच, पण ओतली आम्ही, आणि तेव्हापासून तिची दुखणीखुपणी काढतोय तेही आम्हीच.

आम्ही म्हणजे माझे वडील बान सांगबे, मी हे-रान, आणि आमच्याकडे कामाला असलेला ते-शिक, ज्याला कुठल्याही दारातून आत येताना वाकावं लागतं. धंदा इपॉक्सीच्या फरश्यांचा. दोन डब्यांतली दोन रसायनं एकत्र घोटायची, घासून तयार केलेल्या सिमेंटवर ओतायची, पसरायची, आणि घट्ट होईपर्यंत तिकडे कुणाला फिरकू द्यायचं नाही. सांगायला एवढंच. बाकीचे ठेकेदार फरशी वाळली की हात झटकून निघून जातात. बाबांचं खरं काम तिथून सुरू होतं. कुठला साबण वापरायचा नाही, जड कपाट ओढायचं नाही, उचलायचं, खरचटलं तर लगेच फोन करायचा, स्वतः बाजारातून रंग आणून ठिगळ लावायचं नाही. लोक हो हो म्हणतात आणि नेमकं नको तेच करतात. मग बाबा जातात, गुडघ्यांवर बसतात, बोटांनी चाचपतात आणि च्च च्च करतात.

चुनजाबाईंच्या बाबतीत मात्र हे जरा वाढलं होतं, आणि त्याला कारण बाबांचं तोंड. मैदानाच्या उद्घाटनाला बाईंनी सगळ्यांना तांदळाची दारू पाजली. बाबांना दोन वाडग्यांतच गाल लाल होण्याची खोड. ते उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "लोक तीन वर्षांची हमी देतात. मी देणार नाही. मी जोवर माझ्या पायांवर उभा आहे, तोवर ही फरशी माझी!" मी खालून त्यांचा कोट ओढत होते. बाईंनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या, आणि शब्द पक्का धरला.

बाई या शेडमध्ये कोवळ्या वयात मोजे विणायला होत्या. तेव्हा खाली खडबडीत सिमेंट, हवेत कापसाचे तंतू, आणि मुकादमाची शिट्टी. धावायला सक्त मनाई. कारखाना बंद पडला, बाईंनी पुढे कित्येक वर्षं बंदरावर शेवयांची गाडी चालवली, नवरा गेला, मुलगा सोलला जाऊन स्थिरावला, आणि एक दिवस बाईंनी ती रिकामी शेडच विकत घेतली. आमच्याकडे आल्या तेव्हा बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "मला तिथे धावू देत नव्हते. आता मला तिथे घसरायचंय. तशी फरशी करा. आणि तो पार्किंगचा हिरवा रंग दाखवलात तर मी चालले."

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते हसले नाहीत, पण रंगाचे नमुने काढताना त्यांनी सगळी पेटी जमिनीवर सांडली.

त्यानंतर फोन सुरू झाले.

"हे-रान, अगं फरशी कुरकुरतेय."

"फरशी कुरकुरत नाही मावशी. चाकं कुरकुरत असतील."

"मग तुझ्या बाबांना येऊन चाकांना तसं सांगू दे."

कधी दाराजवळ फरशीचा चेहरा उतरलेला असायचा, कधी कोपऱ्यात तिला सर्दी झालेली असायची. बाबा हातातलं काम टाकून निघायचे. आधी हात धुवायचे, नखं घासायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे. गुडघ्यांवर बसून फरशी तपासायची, आणि त्यासाठी इस्त्रीचा सदरा! मला हे लक्षात यायला किती वर्षं लागली, ते विचारू नका. ते-शिकच्या पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं. पण तो बोलत नाही.

यंदा मात्र फरशीला खरंच आमची गरज होती. रोज शेकडो चाकं फिरून वरचा थर पातळ झाला होता. बाबांनी ठरवलं की ऑगस्टच्या सुट्टीत मैदान बंद ठेवायचं, जुना थर घासून खरबरीत करायचा आणि वर नवा ओतायचा. आदल्या दिवशी आम्ही घासणं पुरं केलं, धूळ ओढली, कडेने चिकटपट्ट्या लावल्या. मैदानाच्या अगदी मध्ये गाणी लावणाऱ्याचा ओटा आहे, कमरेएवढ्या लाकडी भिंतींचा. त्यालाही बाहेरून प्लास्टिक गुंडाळलं. चुनजाबाईंना बजावलं, "उद्या इकडे यायचं नाही. घरी पंखा लावून कलिंगड खात बसायचं."

"मी काय लहान आहे?" बाई म्हणाल्या.

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, आम्ही सुरुवात केली. मागच्या भिंतीपासून ओतत, ओट्याला वळसा घालून दाराकडे यायचं, असा बेत. ते-शिक दारात बसून रसायन घोटायचा आणि बादल्या पुढे करायचा. बाबा ओतायचे, लांब दांड्याच्या फावडीने पसरायचे, मी मागून काट्यांच्या रुळाने बुडबुडे फोडायची. बाबांच्या आणि माझ्या पायांत काटेरी चपला होत्या. त्या बुटांवरून बांधायच्या, म्हणजे ओल्यातही चालता येतं. काट्याची टोकं तेवढी आत जातात आणि पाय उचलला की तो थर आपला आपण मिटतो. मात्र ओला आहे तोवरच. घट्ट व्हायला लागला की एका पावलाने सत्यानाश.

काम बघण्यासारखं चाललं होतं. निळं पाणी पसरावं तशी फरशी मागे मागे येत होती, छतावरचे दिवे तिच्यात उलटे लटकत होते. बाबा गुणगुणत होते. अर्धंअधिक मैदान झालं असेल, तेवढ्यात ओट्यावरच्या प्लास्टिकमागून एक डोकं वर आलं. डोक्यावर केसांचे रोल, कानांवर गाणी ऐकायचे भलेमोठे हेडफोन.

"अगोबाई," डोकं म्हणालं, "झाली पण सुरुवात?"

बाबांच्या हातातली फावडी तशीच राहिली. "मालकीणबाई! तुम्ही... तिथे... कशा?"

"ओरडू नका, ऐकू येतंय," बाई हेडफोन काढत म्हणाल्या. "पहाटे मागच्या दाराने आले. जुन्या तबकड्या खाली ठेवल्यात ना, त्या धुळीने खराब होतील म्हणून काढायला आले. एक ऐकली. मग डोळा लागला."

त्यांच्या चारही बाजूंनी ओली फरशी होती. आकाशात अडकल्यासारख्या दिसत होत्या त्या.

बाबांनी क्षणभर विचार केला आणि मला म्हणाले, "तुझ्या चपला काढून दे." मी दाराकडच्या कोरड्या भागावर होते. चपला सोडून दिल्या. बाबा त्या हातात घेऊन, बगळ्यासारखी लांब लांब पावलं टाकत ओट्याकडे निघाले. पोचले. लाकडी भिंतीवरून आत उतरले.

"या बांधा आणि माझ्या मागोमाग या," बाबा म्हणाले. "घाई करा. अजून वेळ आहे."

बाईंनी चपला उलट्या करून तळ पाहिला. "या काट्यांनी? माझ्या नव्या फरशीवर?"

"भोकं बुजतात, मालकीणबाई. आत्ताच मी आलो ना? दिसतंय का एक तरी भोक?"

"तुम्ही हलके. मी शेवया खाऊन वाढलेय. माझी बुजायची नाहीत."

"वजनाचा काही संबंध नाही हो!"

"आणि मी घातलेत सपाता. या चपला सपातांवर बांधायच्या कशा? मध्येच घसरले तर? अख्खी मी छापली जाईन तुमच्या फरशीवर."

"मग मी पाठीवर घेतो."

"मला? कोबीच्या पोत्यासारखं? या गुडघ्यांनी? बानसाहेब, परवा जिना चढताना तुम्ही तीनदा थांबलात."

"दोनदा!"

मी दारातून ओरडले, "बाबा, भांडू नका! थर धरायला लागलाय!"

मी काही वाढवून सांगत नव्हते. उकाडा इतका होता की बादलीत उरलेलं मिश्रण ते-शिकच्या हाताला गरम लागत होतं. आणि दाराजवळचा भाग अजून ओतायचा राहिला होता. तो तिथेच थांबवला असता तर मध्ये कायमचा सांधा दिसला असता. मी ते-शिककडे पाहिलं. त्याने स्वतःच्या काटेरी चपला माझ्यापुढे सरकवल्या. त्या मला होड्यांसारख्या होत होत्या. तशाच बांधून मी उरलेलं मैदान ओतत, पसरत दारापर्यंत आणलं. मान वर करून पुन्हा ओट्याकडे पाहिलं, तेव्हा ते दोघं अजून कोबीवरच होते.

"बाबा, शेवटचं सांगते! बाईंना राहू द्या. तुम्ही एकटे तरी या, अजून येता येईल!"

बाबांनी फरशीकडे पाहिलं. वाकून कडेला करंगळीचं टोक टेकवलं, बघितलं. वेळ होता, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या तोंड फिरवून तबकड्यांची चवड नीट करत होत्या, फार मन लावून.

बाबा गाणी लावणाऱ्याच्या स्टुलावर बसले आणि सावकाश चपलांचे पट्टे सोडायला लागले.

"अहो, जा ना," बाई म्हणाल्या.

"गुडघा दुखतोय," बाबा म्हणाले.

बास. संध्याकाळपर्यंत दोघं तिथे अडकले.

मैदान बंद असताना आत कुणी यायचं नाही, असा नियम. पण ते-शिक पाणी आणायला कोपऱ्यावर गेला आणि तिथे जोमरे मावशीने त्याला गाठलं. जोमरे मावशी वाळवलेला मासा विकते, सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गळ टाकून बसते, आणि चुनजाबाईंची जुनी मैत्रीण, मोज्यांच्या मशीनवर शेजारी बसणारी. तिने विचारलं, "चुनजा कुठाय? फोन उचलत नाही." ते-शिकने खरं ते सांगितलं. न बोलणाऱ्या माणसाची हीच अडचण, एकदा तोंड उघडलं की त्याला खोटं सुचत नाही.

थोड्याच वेळात बाहेरच्या आवारात सकाळच्या स्केटिंगच्या वर्गातल्या सगळ्या आज्या जमल्या. धूळ उडेल म्हणून मी मुख्य दार लावून घेतलं. तर जोमरे मावशी बाहेरच्या जिन्याने वरच्या सज्जात आली, जिथे पोरांचे आईबाप बसून कॉफी पितात. तिच्या हातात समुद्रावरचा लांब गळ होता.

"चुनजा!" ती कठड्यावरून ओरडली. "जेवलीस का?"

"कुठली जेवतेय! सकाळपासून हा माणूस मला रसायनशास्त्र शिकवतोय!"

"थांब, पाठवते."

बाबा ताडकन उभे राहिले. "काहीही फेकायचं नाही! जोमरेबाई, हात जोडतो. एक कण जरी खाली पडला तरी तो कायमचा राहील!"

"फेकतंय कोण?" मावशी म्हणाली. तिने दोरीच्या टोकाला केसांचा मऊ रबर बांधला, गळ मागे नेला, आणि असा झटका दिला की दोरी सुंईऽऽ करत अख्ख्या फरशीवरून जाऊन थेट बाबांच्या छातीवर आदळली. बाहेर खिडकीला नाक लावून बसलेल्या आज्यांनी शिट्ट्या मारल्या. बाबांनी दोरी ओट्याच्या खांबाला बांधली. सज्जा उंच, ओटा खाली. मावशीने दोरी ताणून धरली आणि पिशव्या आकड्याला अडकवून घसरत सोडायला सुरुवात केली. थंड पाण्याच्या बाटल्या गेल्या. हातपंखा गेला. उशी गेली. बाबांच्या गुडघ्यासाठी मलमाच्या पट्ट्या गेल्या. प्रत्येक पिशवी मध्यावर आली की दोरी जरा झोल खायची आणि बाबा दोन्ही हात पसरून "वर! वर! वर!" असे किंचाळायचे, जणू त्यांचंच मूल दोरीवरून चाललंय.

किंबापची, म्हणजे शेवाळाच्या पानात वळलेल्या भाताची, गुंडाळी मात्र नीट बांधली नव्हती. मध्यावर तिचा कागद सुटला. सगळ्यांनी श्वास रोखला. भात पडला नाही, भाजी पडली नाही. एक तीळ पडला.

"पडला," बाबा म्हणाले. एवढा दुःखी आवाज मी आईच्या वेळीही ऐकला नव्हता.

"कुठे? मला तर दिसत नाही," चुनजाबाई म्हणाल्या.

"मला दिसतोय."

बाईंनी किंबापचा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. "चावा. सगळ्या फरशीत एक तीळ. बरं दिसेल."

मग कलिंगडाची फोड आली. ती बाईंनी तशीच परत पाठवायला लावली. पाणीही घोटाघोटाने प्यायल्या. तुमच्या मनात जो प्रश्न आलाय तो तिथे सगळ्यांच्याच मनात होता, पण विचारायची हिंमत एकट्या जोमरे मावशीला झाली, आणि तिला बाईंनी जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

बाहेरच्या आज्यांना आतलं धड ऐकू येत नव्हतं. काचेवर टकटक करून त्या सारख्या विचारत होत्या, "काय म्हणाली? काय म्हणाला?" मग चुनजाबाईंनीच माइक सुरू केला. गिऱ्हाइकांना ऐकू जावं म्हणून आवारात कर्णा लावलेला आहे, त्यातून बाईंचा आवाज थेट रस्त्यापर्यंत पोचला.

"नमस्कार मंडळी. मी चुनजा, आणि हे आमचे फरशीवाले बानसाहेब. कुणाला काही ऐकायचंय?"

गाण्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या. तबकड्या तिथेच होत्या. बाबा तबकडी पुसून द्यायचे, बाई लावायच्या. आवारात, भर उन्हात, टोप्या घातलेल्या आज्या बिनचाकांच्या नाचायला लागल्या. पोस्टमनने गाडी थांबवली आणि शिट्टीवर ताल धरला. सज्जात जोमरे मावशी गळासकट डोलत होती, आणि दोरी डोलली की बाबा ओरडत होते. मी पायरीवर बसून हसत होते, पोट दुखेपर्यंत. ते-शिक माझ्या शेजारी बसला होता. तो हसत नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

दुपार कलली तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये बाईंनी माइकवरूनच विचारलं, "बानसाहेब, एक खरं सांगा. वसंतात तुम्ही आलात, दाराजवळ फोड आलाय म्हणून अख्खी सकाळ बसून राहिलात. होता का फोड?"

बाबांनी हातातली तबकडी पुन्हा पुसायला घेतली. कर्ण्यातून फक्त तबकडीची खरखर.

"नव्हता," बाबा म्हणाले.

"मग काय बघत होतात?"

"तुमचा वर्ग चालू होता. तुम्ही सगळ्यांना उलटं जायला शिकवत होतात." बाबांनी घसा साफ केला. "मी उलटं जाणं बघत होतो."

आवारात जो गदारोळ झाला त्याने समोरच्या सायकलवाल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. चुनजाबाईंचे कान लाल झाले होते. मला दाराच्या काचेतून दिसत होते.

"आता माझंही ऐका," त्या घाईने म्हणाल्या. "पावसाळ्याआधी कडेला खरचटलंय म्हणून मी फोन केला होता ना? ते मीच केलं होतं. डब्याच्या झाकणाने."

त्यांना वाटलं असेल की बाबा विरघळतील. आवाराला तसंच वाटलं. आज्या "आहाहा" करायच्या बेतात होत्या.

"झाकणाने?" बाबा उठून उभे राहिले. "माझ्या फरशीवर? पत्र्याच्या झाकणाने?"

"अहो, तुम्ही यावं म्हणून..."

"किल्लीने केलं असतंत! नाण्याने केलं असतंत! पत्र्याने कड फाटते! आत ओल जाते! मी दोन दिवस डोकं खाजवत होतो की असा ओरखडा कशाने आला असेल, आणि तुम्ही मला वर बार्लीचा चहा पाजत होतात!"

"मग काय करणार होते? तुम्हाला बोलवायला काही निमित्त नको?"

"निमित्त कशाला हवं?"

"ते मला कसं कळणार? तुम्ही आठ वर्षं खाली मान घालून फरशीशीच बोलताय!"

"ती तरी ऐकून घेते!"

बाई स्टूल फिरवून पाठ करून बसल्या. बाबा उशीवर, दुसरीकडे तोंड करून. ओटा एवढासा, त्यामुळे रुसूनही पाठीला पाठ लागत होतीच. माइक तसाच चालू होता. आज्या एकमेकींना चिमटे काढत होत्या. जोमरे मावशीने सज्जातून हळूच दोरीवर एक चॉकलेट सोडलं. ते दोघांच्या मध्ये येऊन लोंबकळत राहिलं. कुणी घेईना.

शेवटी बाबा म्हणाले, "जुन्या थरावर नवा थर बसवायचा ना, तर आधी खालचा घासावा लागतो. गुळगुळीत राहिला तर वरचा धरत नाही, पोपडे सुटतात."

"मला घासून बघा," बाई म्हणाल्या. "हात मोडून ठेवीन."

"मी माझं सांगतोय," बाबा म्हणाले. "मी पुरेसा घासलेलो आहे."

बाईंच्या खांद्यांना आधी एक हिसका बसला. मग त्या हसायला लागल्या, आणि थांबेचनात. पाठीला पाठ लागलेली, त्यामुळे बाबाही हलायला लागले, आणि मग तेही हसले. वडिलांचं हसणं कर्ण्यातून गावभर जातंय आणि मी पायरीवर बसून ऐकतेय, अशी मजा मला पुन्हा कधी मिळायची नाही.

"यापुढे खरचटवू नका," बाबा डोळे पुसत म्हणाले. "फोन करायचा आणि नुसतं 'या' म्हणायचं."

"या," बाई म्हणाल्या.

"अहो, मी इथेच आहे."

"सराव केला."

चॉकलेट त्यांनी अर्धं अर्धं खाल्लं.

ऊन उतरलं तेव्हा बाबांनी वाकून फरशीवर नख दाबलं, मग बोटाचं पेर, मग तळहात. बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी एक पाय खाली ठेवला. थांबले. दुसरा ठेवला. वळून पाहिलं, ठसा उमटला नव्हता. "जड काही नाही, पळायचं नाही, फक्त पायी," त्यांनी जाहीर केलं आणि बाईंपुढे हात केला. बाईंनी सपाता काखेत मारल्या आणि हात धरला. दोघं त्या निळ्या चकाकीवरून दाराकडे चालत आले, फार हळू, लग्नात येतात तसे, आणि मी दार उघडल्याबरोबर बाईंनी बाबांचा हात सोडला आणि कुणालाही न बघता बाहेरच्या स्वच्छतागृहाकडे अशी धूम ठोकली, की मुकादम असता तर त्याची शिट्टी फुटली असती.

दुसऱ्या दिवशी सोलहून मुलाचा फोन आला. बंदरावरच्या कुणीतरी तो सगळा प्रकार मोबाइलवर टिपून पुढे पाठवला होता. "आई, हे काय ऐकतोय मी? लग्नबिग्न करतेस की काय?"

बाई माझ्यासमोरच बोलत होत्या. "लग्न कशाला? लग्न केलं तर हा माणूस रोज येऊन बसेल. मला सोमवार पुरे, मैदान बंद असतं तेव्हा." मग जरा विचार करून म्हणाल्या, "आणि गुरुवार. गुरुवारी गर्दी कमी असते."

मुलगा हसला बहुतेक, कारण बाई म्हणाल्या, "हसतोस काय? जेवलास का?" आणि फोन ठेवला.

फरशी पुरती टणक व्हायला आठवडा दिला. त्यानंतरच्या शनिवारी मैदान उघडलं. बाबांनी आजवर या फरशीवर चाकं घातली नव्हती. त्यांचं म्हणणं, फरशी गुडघ्यांवरून बघायची असते. त्या दिवशी बाईंनी त्यांच्या मापाचे बूट समोर ठेवले आणि कमरेला मागच्या बाजूला उशी बांधली. बाबा कठडा धरून उभे राहिले. पाय एकाच वेळी दोन गावांना निघाले होते.

"सोडा कठडा," बाई म्हणाल्या.

"सोडतो. सांगा कधी ते."

"आत्ता."

"आत्ता नको."

बाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि दोन्ही हात धरून स्वतः उलट्या जायला लागल्या. बाबा पुढे ओढले गेले, तोंड उघडं, डोळे बाईंच्या चेहऱ्यावर. पहिला फेरा झाला. दुसऱ्यात पडले. पडल्या पडल्या कुशीवर वळून त्यांनी हाताने फरशी चाचपली, ओरखडा बिरखडा आलाय का ते.

"उठा!" बाई ओरडल्या. "तिला काही झालेलं नाही!"

मग जोमरे मावशीने आगगाडी काढली. पुढच्याची कंबर धरायची आणि सगळ्यांनी एका ओळीत निघायचं. मावशी इंजिन, मागे आज्या, पोस्टमन, सायकलवाला, चुनजाबाई, त्यांची कंबर धरून बाबा, बाबांची उशी धरून मी, आणि माझ्या मागे ते-शिक, जो चाकांवर उभा राहिला की छताच्या दिव्यांना टेकेल असं वाटत होतं. गाणं वाढलं, मावशीने वेग घेतला. वळणावर गाडी लांबली, ताणली, बाबा "हळू! हळू!" ओरडायला लागले, पण ओरडता ओरडता मजेत हसतही होते. आणि मग शेवटचा डबा, म्हणजे ते-शिक, वळलाच नाही. तो सरळ गेला. मी त्याच्याबरोबर, बाबा माझ्याबरोबर, आणि मग एकामागून एक सगळी गाडी रुळांवरून उतरून कठड्याजवळ ढीग होऊन पडली. मी सगळ्यात खाली. कुणाचा तरी गुडघा माझ्या कानाला, कुणाची टोपी माझ्या तोंडावर, आणि वर कुठेतरी बाबा आणि चुनजाबाई, बोलता येईना इतकं हसणारे. आणि मी ते-शिकच्या तोंडून पहिल्यांदाच हसण्याचा आवाज ऐकला. जाडजूड, घोगरा, आणि थांबता थांबेना असा.

"उठा रे कुणीतरी!" मी खालून म्हणत होते, पण कुणालाच उठायचं नव्हतं.